गेटवर ठेवलेली डबी

थूलकाका कुठल्याही दारातून आत शिरताना दोन्ही हात खांद्याएवढे वर करायचे. बँक असो, लग्नाचा हॉल असो, नाहीतर माझं औषधाचं दुकान असो. हात वर, छाती पुढे, क्षणभर थांबायचं आणि मग आत पाऊल टाकायचं. नवख्या माणसाला काही कळायचं नाही. एका लग्नात दाराशी उभ्या असलेल्या नवरीच्या मामानं हे हात बघून काकांना कडकडून मिठीच मारली होती. काकांनी तीही तपासणीचाच भाग म्हणून मुकाट्यानं सोसली आणि जेवायला जाऊन बसले.

सवय बत्तीस वर्षांची होती. काका पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत मजूर म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. राहायला नाचणगावात, आमच्या शेजारी. डेपोत आग पेटवणारी कुठलीही वस्तू नेता येत नसे, त्यामुळे रोज सकाळी गेटवर काडीपेटी आणि विड्यांचं बंडल जमा करायचं, त्याबदल्यात पितळी टोकन घ्यायचं, हात वर करून झडती द्यायची आणि आत जायचं. संध्याकाळी टोकन दिलं की आपली वस्तू परत. काकांचा नंबर दोनशे बारा. बरोबरीचे लोक आत तंबाखू मळून दिवस काढत, पण काकांना ती कधी रुचली नाही. त्यांना विडीच लागायची आणि विडी गेटवर असायची.

"तुले सांगतो विनू, आत आठ घंटे बीडीची आठवन नाई ये," ते मला म्हणायचे. "गेटच्या बाहेर पाय ठेवला का मंग जीव कासावीस व्हायचा. म्हंजे तलप काई पोटात नसते. ते गेटवर बसून राह्यते, आपली वाट पाहात."

मी औषधशास्त्राची पदविका घेतलेला माणूस. निकोटीन रक्तात किती वेळ राहतं, मेंदूला ते का हवंसं वाटतं, हे सगळं मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. मी ते त्यांना एकदा समजावूनही सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्या खिशाकडं बोट केलं. खिशात खर्र्याची, सुपारीत तंबाखू घोटलेली, पुडी होती. "हे बी लिवलं होतं का पेपरात?" असं त्यांनी विचारलं आणि मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळलो.

खरी पंचाईत निवृत्तीनंतर झाली. निरोपाच्या दिवशी हार घालून, पेढे वाटून काका घरी आले आणि दुसऱ्या दिवशीपासून त्यांच्या आयुष्यात गेटच उरलं नाही. सकाळी उठल्यापासून विडी. अंगणात विडी, पेपर वाचताना विडी, बायकोशी भांडण झालं तर विडी आणि मिटलं तरी विडी. शांताकाकू म्हणायच्या, "यायच्या नौकरीनं यायले वाचवलं होतं. पेन्शननं मारलं."

काकांच्या घरापासून विहार अगदी जवळ आहे. मधे एक विजेचा खांब आणि पुढे माझं दुकान. विहारात सकाळची वंदना काकाच चालवायचे. त्यांचा आवाज भरदार होता. डेपोत ट्रक मागे घेताना हाळी देऊन देऊन कमावलेला. ते एक ओळ म्हणत आणि मागून सगळे ती म्हणत. दुकानाचं शटर वर करताना मी ते रोज ऐकायचो. आम्ही त्या धर्माचे नाही, पण इतक्या वर्षांत मलाही पंचशील पाठ झालं होतं. त्यात एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. पहिली चार शीलं काकांच्या आवाजात यायची आणि पाचवं काकूंच्या.

पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. काका तिथं येऊन थांबत, डोळे मिटत, आणि शेजारी बसलेल्या काकू ते म्हणत. लोक काकूंच्या मागून म्हणत. मग पुढचं पुन्हा काका. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. फक्त विहाराचे सचिव भगत गुरुजी अधूनमधून समजूत घालायचे.

"थूलसाहेब, ते दारूसाठी आहे हो. तुम्ही तर थेंब घेत नाही. विडी त्यात येत नाही."

"गुरुजी, माह्या डोक्यावर बीडी बसून हाये. मी कायले खोटं बोलू? अन् तेबी बुद्धाच्या समोर?"

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"लोक म्हनतच हायेत. शांताच्या मांगून."

पुढं पुढं चार शीलंही त्यांना जड जाऊ लागली. ओळ मधेच तुटायची, मग खोकल्याची उबळ. विहारात जाताना ते विजेच्या खांबाला हात टेकून उभे राहायचे. कुणी बघितलं तर वर तारांकडं पाहत राहायचे, जणू लाइनमनचं काम यांच्याकडं आहे. वर्ध्याच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की फुप्फुसं बरीच खराब झाली आहेत, जे गेलं ते परत यायचं नाही. पण विडी आज थांबली तर उरलेलं टिकेल. बाहेर आल्यावर काका मला एवढंच म्हणाले, "मले बाकी काई नाई पाह्यजे विनू. एक डाव पाचवं शील आपल्या तोंडानं म्हनाचं हाये. दम सरायच्या आंधी."

तेव्हापासून मी त्यांच्या मागं लागलो. आधी निकोटीनचं च्युइंगगम दिलं. ते त्यांच्या कवळीला असं चिकटलं, की काकूंनी कवळी कोमट पाण्यात घालून सकाळभर खरवडली. मग पट्टी दिली. आमच्याकडचा उन्हाळा आणि काकांचा घाम यांच्यापुढं कुठली पट्टी टिकते! एक पट्टी संध्याकाळी शेजारच्या शेळीच्या पाठीवर सापडली. ती तिथं कशी गेली हे काकांनाही सांगता आलं नाही.

याच सुमारास त्यांचे जावई कंपनीच्या कामासाठी परदेशात जाऊन आले. येताना सासऱ्यासाठी चार-पाच गोल डब्या घेऊन आले. आत बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या पिशव्या, पुदिन्याच्या वासाच्या. तंबाखूचं पान नाही, धूर नाही, थुंकणं नाही. नुसतं निकोटीन आणि कसलासा भुसा. तिकडं विडीसिगारेट सोडायला लोक हे ओठाखाली ठेवतात, असं जावयांनी सांगितलं आणि ते पुण्याची गाडी पकडायला गेले. काकांनी त्या पिशवीचं नाव 'उशी' ठेवलं.

आता ओठाखाली ठेवायची वस्तू म्हटली की ती आधी तळहातावर मळायची असते, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. स्वतः कधी न खाणाऱ्याच्याही हाताला ते येतं. काकांनी दोन उशा फाडल्या, आतली पांढरी भुकटी डाव्या तळहातावर घेतली, काकूंच्या पानाच्या डब्यातला चुना लावला, अंगठ्यानं मस्त मळली, दोन टाळ्या दिल्या आणि चिमूट ओठात धरली.

काकू पळत दुकानात आल्या तेव्हा त्यांना नीट बोलता येत नव्हतं. मी जाऊन पाहिलं तर काका पलंगावर पांढरेफटक पडलेले, घामानं बनियन भिजलेलं, एकामागून एक उचक्या, आणि खाली बादली. चुन्यानं निकोटीन आणखी जोरात भिनतं, आणि ते दोन पिशव्यांचं एकदम! मी त्यांचं तोंड धुववलं, कुशीवर वळवलं आणि रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत ते सावरले. मला मात्र रिक्षात फार भीती वाटली होती. हातातला हात गार पडत होता आणि मी मनात एकच म्हणत होतो, की त्या डब्यांवरचं बारीक अक्षर मी आधी वाचून दाखवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेलो. काकांनी दारात हात वर केले. बाईंना वाटलं, माणूस आत्मसमर्पण करतोय.

"बाई, मले एक सांगा," काका म्हणाले. "हे बीडीपेक्शा बरं हाये का नाई?"

बाईंनी डबी उलटसुलट करून पाहिली. "बरं आहे. यात जाळ नाही, धूर नाही, डांबर नाही. तुमची छाती धुरानं खराब केलीय, तो धूर यात नाही. पण विडीपेक्षा बरं म्हणजे चांगलं नव्हे काका. निकोटीन तेच आहे. नाडी वाढते, बीपी वाढतं, हिरड्या सोलवटतात, आणि सवय लागते ती लागतेच. वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं, हे अजून नीट कुणालाच माहीत नाही. गम आणि पट्टी औषध म्हणून तपासलेली आहे, हे तसं नाही. मी स्वतःहून दिलं नसतं."

"गम कवळीले चिपकते, पट्टी बकरीले," काका म्हणाले.

बाई हसल्या. मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. फाडायची नाही, चावायची नाही, गिळायची नाही, एका वेळी एकच, बीपी दर आठवड्याला. आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, की विडी आणि हे दोन्ही बरोबर घ्यायचं असेल तर दोन्ही घेऊ नका. "हे घेता घेता विडी पूर्ण सुटली पाहिजे. आणि मग हेही सुटलं पाहिजे. मधेच मुक्काम करायचा नाही," त्या म्हणाल्या.

पहिला अर्धा भाग काकांनी महिनाभरात पार पाडला. सुरुवातीला लपूनछपून दोन्ही चालायचं. काकूंना वास आला की पकडले जायचे. मग एके दिवशी त्यांनी विड्यांचं बंडल चुलीत टाकलं आणि पुन्हा आणलं नाही. खोकला उतरला. चार शीलं एका दमात येऊ लागली. सकाळी शटर उघडताना तो आवाज ऐकून मला उगीचच वाटायचं, की आपलंही काही बरं झालंय. विजेच्या खांबापाशी थांबणं बंद झालं. गुरुजी म्हणाले, "आता तरी पाचवं म्हणा!" काका नाही म्हणाले. ओठाखाली बोट लावून ते म्हणाले, "हे हाये न अजून."

त्याच दिवसांत कॉलेजातला एक पोरगा दुकानात आला होता. काऊंटरवर काकांची डबी दिसली तसे त्याचे डोळे चमकले. "काका, हे सेफ असते ना? वास येत नाई, घरी समजत नाई."

"तू बीडी पेतो का?" काकांनी विचारलं.

"नाई."

"सिगरेट?"

"नाई ना जी."

"मंग तुले काऊन पाह्यजे? मी हिरीत पडलो, म्हनून मले दोर लागते. तू काठावर चांगला उभा हायेस. तू दोर पकडून आत उतरशीन का?" मग आवाज चढवून म्हणाले, "जा, घरी जाय. अन् पुन्हा इकडं या डबीकडं पाहू बी नोको."

पोरगा गेला. काकांनी काऊंटरवरची डबी उचलून हातात घेतली. "मी त आता दोर धरूनच लोंबकळून राह्यलो विनू," ते म्हणाले. मी ते हसण्यावारी नेलं.

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. जावयाच्या डब्या संपल्या तशा ते वर्ध्याच्या कुठल्याशा ठेल्यावरून आणवू लागले. तसल्या डब्यांवर कुठं बनल्या, किती जोराच्या, काही धड लिहिलेलं नसायचं. दिवसाला चार उशांच्या आठ झाल्या, आठाच्या बारा. खालची हिरडी पांढरी पडून सोलवटली होती. बीपीची गोळी मी दुप्पट ताकदीची देऊ लागलो, अर्थात बाईंच्या चिठ्ठीवर. काकू एकदा माझ्याकडं येऊन रडल्याच. "भाऊ, आंधी धूर तरी दिसे. कुठं हायेत, काय करून राह्यले, समजे. आता काईच दिसत नाई. झोपेत बी ओठाखाली असते."

आणि मग एका सकाळी वंदना अर्ध्यावर थांबली. खोकला नव्हता, काही नव्हतं. दुसऱ्या शीलानंतर काका उठून बाहेर आले, तडक माझ्या दुकानात शिरले, आणि हात वर करायचेसुद्धा विसरले. त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता.

"तोंडात उशी होती," ते म्हणाले. "मी बुद्धासमोर बसून शील म्हनत होतो, अन् ओठाखाली उशी. मले मालूमच नव्हतं. जीभ लागली तवा समजलं. बत्तीस वर्सं मी एक काडी आत नाई नेली रे. एक काडी!"

मी त्यांना पाणी दिलं. मला रडू येईल असं वाटत होतं आणि दुकानात दोन बायका औषधाला उभ्या होत्या.

काकांनी पाणी पिऊन पेला ठेवला. खिशातून डबी काढून काऊंटरवर सरकवली. "हे ठेव. अन् मले टोकन दे."

"कसलं टोकन?"

"गेट नाई म्हनून झालं हे सारं. बीडीले बाहेर ठेवा लागे, म्हनून ते बाहेर राहे. याले कोनी बाहेर ठेवतच नाई. आजपासून तू गेट."

मी गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर दोनशे बारा लिहिलं आणि त्यांना दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून शिस्त सुरू झाली. विहारात जाण्याआधी डबी माझ्याकडं जमा, वंदना झाली की टोकन देऊन परत. आठवड्यानंतर डबी दहापर्यंत माझ्याकडं राहू लागली, मग दुपारपर्यंत, मग संध्याकाळपर्यंत. काका घड्याळाकडं बघत बाकावर बसून राहायचे, पाय हलवायचे, उगाच माझ्यावर डाफरायचे. एकदा वेळेआधी मागायला आले. मी नाही म्हटलं. "काऊन रे, मालक झाला का तू?" असं ओरडून ते निघून गेले आणि पाच मिनिटांनी परत येऊन म्हणाले, "चांगलं केलं." त्यांना जमतंय असं पाहून मी एकदा खुशीत म्हटलं, की काका, माझा खर्राही सोडायला पाहिजे. त्यांनी लगेच ड्रॉवर उघडून दाखवला. "ठेव मंग. जागा हाये." मी दोन दिवस ठेवला. तिसऱ्या दिवशी गेटवाला मीच असल्यामुळे मला टोकनची गरज पडली नाही.

बुद्धपौर्णिमेच्या आधी काका डबी ठेवून गेले ते संध्याकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही डबी ड्रॉवरमधेच. काकू सांगून गेल्या, की चिडचिड फार आहे, झोप नाही, भांडी आपटतात, पण मागत नाहीत. पौर्णिमा आली तेव्हा डबीला हात लागून वीस दिवस झाले होते.

त्या सकाळी मी दुकान उघडण्याआधी विहारात जाऊन मागं बसलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत, दारापर्यंत माणसं. काका खुर्चीवर. चार शीलं झाली. काकांनी नेहमीसारखे डोळे मिटले, काकूंनी म्हणायला तोंड उघडलं, आणि काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. पाचवं शील काकांच्या आवाजात सुरू झालं. अर्ध्यात श्वास संपला. वर पंखा फिरत होता आणि एवढ्या माणसांत कुणीही पुढचा शब्द उच्चारला नाही. काकांनी दोनदा श्वास घेतला आणि उरलेलं पूर्ण केलं. मागून सगळ्यांनी ते म्हटलं, मीही म्हटलं. काकूंना तेवढं म्हणता आलं नाही, त्यांच्या तोंडात पदर होता.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. छातीच गेली होती. धुरानं जे जाळलं ते कुठल्या उशीनं भरून आलं नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी तसं कधी सांगितलंही नव्हतं. पण शेवटपर्यंत ते पाचवं शील स्वतः म्हणायचे, कधी तीन तुकड्यांत, कधी चार. डबी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. खर्रा माझ्या खिशात आहे, हेही सांगून टाकतो.

पण काका म्हटलं की मला त्या पौर्णिमेची दुपार आठवते. विहारातली खीर वाटून झाल्यावर ते पांढऱ्या सदऱ्यात दुकानाच्या दारात आले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. नेहमी क्षणभर थांबून आत यायचे, आज तिथंच थांबले.

"आज खरंच तपास," ते म्हणाले.

मी काऊंटरमागून बाहेर आलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे खिसे चाचपले. चष्म्याचं घर, रुमाल, आणि वरच्या खिशात पुठ्ठ्याचं टोकन.

"ते घे. जमा कर," ते म्हणाले.

टोकन हातात आलं म्हणून मी सवयीनं ड्रॉवर उघडला आणि डबी काढली. काकांनी मान हलवली.

"डबी नोको."

"मग टोकन कशाला देता?"

"टोकन देऊन डबी घेते, तो मानूस घरी जाते," काका म्हणाले. "मी आता बाहेर नाई निघत विनू. डबी मांगाचीच नाई, मंग टोकन कायले ठेवू? मी आतच राह्यतो."

मग त्यांनी हात खाली घेतले आणि खांबापाशी न थांबता घरी गेले.